दोन बोटं पाणी

सकाळपासून मी खुर्चीला टेकले नव्हते. टेकावंसं वाटायचं, टेकले की वाटायचं, आपण इथे बसलोय आणि तिकडे पाणी सरकतंय. मग पुन्हा खिडकीशी. खिडकीतून दिसत तरी काय होतं? एका टँकरची मागची बाजू आणि तिच्यावर रंगवलेलं 'अंतर ठेवा'.

"चिंगे," ताई म्हणाली, "तुझ्या उठाबशांनी तेल थांबणार असेल तर मीही काढते. पण माझ्या कमरेला डॉक्टरांनी बंदी घातलीय."

ताई माझी मोठी बहीण. तिचं शिवणाचं दुकान आहे. मणका सरकला म्हणून काही दिवस मशीनवर बसायचं नाही असं तिला सांगितलं होतं, आणि विश्रांतीला माझ्या क्वार्टरइतकी शांत जागा दुसरी नाही अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. ती आली त्याच आठवड्यात उत्तरेच्या कालव्याखालून जाणारी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली. आता ती ऑफिसला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभ्याउभ्या जुन्या चादरींचे चौकोन कापत होती, तेलाने माखलेल्या पक्ष्यांना गुंडाळायला. कापताकापता तेलातून काढून खोक्यात ठेवलेल्या टिबुकलीशी, त्या बुड्या मारणाऱ्या चिमुकल्या पाणपक्ष्याशी, बोलतही होती.

"बोलू नकोस तिच्याशी. माणसाचा आवाज ऐकला की त्यांची छाती फुटायची वेळ येते."

"मग तुझ्याशी बोलते. तू तरी कुठे ऐकतेस?"

मी इथली जीवशास्त्रज्ञ. अभयारण्य हा शब्द मोठा आहे. आमचं म्हणजे उथळ पाण्याची दोन तळी, एक वरचं, एक खालचं, आणि दोघांच्या मध्ये मातीचा लांब बांध. तेल आलं ते उत्तरेच्या कालव्यातून वरच्या तळ्यात. पाइपचे व्हॉल्व्ह लगेच बंद केले गेले, पण तोवर यायचं ते येऊन गेलं होतं आणि तळ्याच्या काठाने दाटलेल्या पाणकणसात शिरून बसलं होतं. पांढरे सूट घातलेली माणसं नळ्यांनी पाणी मारून ते पाणकणसाबाहेर ढकलत होती. एका कोपऱ्यात ते गोळा व्हायचं आणि तिथून टँकरमध्ये उपसलं जायचं. हवेला डांबर आणि नेलपॉलिश यांचा मिळून वास होता. पहिल्या दिवशी त्याने डोकं दुखलं. नंतर दुखायचं थांबलं, तेव्हा मला जास्त काळजी वाटली.

खालचं तळं अजून स्वच्छ होतं, आणि माझा सगळा जीव तिथे टांगलेला होता.

दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी मी खालच्या तळ्याची पातळी मुद्दाम उतरवते. पाणी उतरलं की चिखलाचे लहान लहान उंचवटे उघडे पडतात आणि त्यांवर शेकाटे घरटी करतात. लांब गुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा, दिसायला अगदी नाजूक आणि स्वभावाने भांडखोर असा हा पक्षी. यंदा साठ-सत्तर जोड्या होत्या. ते आपणहून आले होते असं मी म्हणू शकत नाही. मी जागा करते आणि ते येतात. अंडी आता उबत आली होती. चार-सहा दिवसांत पिल्लं बाहेर पडायला हवी होती.

आता अडचण. मधला बांध खेकड्यांनी पोखरून त्याची चाळण केली आहे. वरच्या तळ्याचं पाणी खालच्यापेक्षा पाच-सहा बोटं उंच होतं, आणि नळ्यांच्या पाण्याने ते आणखी चढत होतं. म्हणजे बिळाबिळांतून वरचं पाणी खाली झिरपत होतं, आणि त्याच्या मागोमाग आज ना उद्या तेल येणार होतं.

फार तेल यायचीही गरज नव्हती. उन्हाचा ताप वाढला की शेकाटे पाण्यात पोट बुडवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात, अंडी थंड राहावीत म्हणून. पाण्यावर नुसता तवंग असला तरी तो पिसांना लागून अंड्यांवर जाणार. कवचाला बारीक छिद्रं असतात. अंड्यातला जीव मारायला तेलाचे दोन-चार थेंब पुरतात, हे मी प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे.

हे सगळं मी सकाळच्या बैठकीत सांगितलं. बैठक शाळेच्या सहलींना स्लाइड दाखवायच्या खोलीत होती. भिंतीवर बदकांच्या पायांची चित्रं होती आणि सगळे मोठे लोक मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मोहिमेचा प्रमुख तेवढा उभा होता. त्याला पाइपलाइन कंपनीने पाठवलं होतं. तो घरात, जेवताना, फोनवर, कधीच डोक्यावरचं काढत नसे, म्हणून ताईने त्याचं नाव हेल्मेट ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पाइप फुटल्यापासून त्याच्या डोळ्यांखाली दोन जांभळी वर्तुळं आली होती आणि तो बिस्किटांवर जगत होता.

"खालच्या तळ्याची पातळी वरच्यापेक्षा जास्त केली," तो म्हणाला, "की झिरपणं उलटं होईल. खालचं स्वच्छ पाणी वर जाईल, तेल इकडे येणार नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग बाजूच्या स्वच्छ कालव्याचं मोठं दार उघडा. जेवायच्या सुट्टीपर्यंत काम संपेल."

"घरटीही संपतील. ती पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर आहेत."

"मग?"

"हळूहळू चढवायचं. पाणी सावकाश वाढलं तर शेकाटे घरट्याखाली काड्या सारत जातात आणि अंड्यांसकट घरटं वर उचलतात. पाण्याने घाई केली तर त्यांना जमत नाही. एका वेळी दोन बोटं, मग थांबायचं. पुन्हा दोन बोटं."

"म्हणजे पक्षी बांधकाम करणार आणि आपण त्यांची वाट पाहणार."

"हो."

"मॅडम, आमच्या कंपनीचं ऑफिस बांधायला सहा वर्षं लागली."

"तिथे आर्किटेक्ट होता ना," दारातून ताई म्हणाली.

खोलीत हसू पसरलं. हेल्मेटही जरासा हसला आणि त्याने बिस्किटाचा चुरा शर्टावरून झटकला. "ठीक आहे. तुमच्या पद्धतीने करा. पण बांधाच्या खालच्या बाजूला तेल दिसलं की मी दार उघडणार. खालचं तळं तेलाने माखण्यापेक्षा एका वर्षाची घरटी गेलेली परवडली. तेव्हा वाद घालायचा नाही."

"नाही घालणार," मी म्हणाले. त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

बाजूच्या कालव्यातून खालच्या तळ्यात थोडं पाणी सतत येत असतं; जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथे, बाहेरच्या बांधात, सिमेंटची चौकट आहे आणि तिच्या खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसतात. एक फळी वाढवली की पाणी तेवढं वर चढतं. हे काम फळीवाल्या काकांचं. त्यांच्या फळ्या आठ बोटं रुंद. एक टाकली की सगळी घरटी बुडाली असती. म्हणून आम्ही पर्यटकांसाठी ठेवलेला एक बाक उचलून गॅरेजमध्ये आणला आणि दारं लावून काकांनी तो उभा चिरला. दोन-दोन बोटांच्या पट्ट्या. ताईने मापाची टेप लावून एकेक पट्टी तपासली आणि एक परत केली.

"ही पाव इंच जास्त आहे."

"ताई, ती ब्लाउजची पट्टी नाही," काका म्हणाले.

"म्हणून तर. ब्लाउज उसवता येतो."

सगळ्या पट्ट्या घेऊन काका निघाले. त्यांनी एकट्यानेच जायचं, बांधाच्या मागून वाकून, आणि तिथेच थांबायचं असं ठरलं होतं. बाकी कुणीही बांधावर चढायचं नाही. माणूस दिसला की शेकाटे उठतात, आणि उठलेला पक्षी काड्या सारत नाही. हा नियम माझा होता आणि तो मलाही लागू होता. मला जायची मुभा होती ती मधल्या बांधाच्या एका वळणापर्यंत. तिथे पाणकणसाचा आडोसा आहे. तेल येतंय का ते तिथून बघता येतं, घरटी दिसत नाहीत. काका बसत ती चौकटही बांधाच्या पोटात होती. त्यांनाही घरटी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती.

तर अशी आमची तऱ्हा. ज्यांच्यासाठी सगळं चाललं होतं त्यांच्याकडे कुणीच बघायचं नाही.

फोन वाजला. काकांच्या आवाजामागे दुसरा आवाज होता, शेकडो वेळा ऐकलेला. कीक्-कीक्-कीक्, सगळी वसाहत हवेत.

"मॅडम, हात गेला."

"कशात? लागलं का?"

"मला नाही लागलं. मोगरीवर हात गेला. पट्टी बसवली आणि ठोकली."

फळी खाचेत बसली की लाकडी मोगरीने तीन ठोके मारायचे, म्हणजे ती खालच्या फळीवर घट्ट बसते आणि फटीतून पाणी जात नाही. काकांचे ते तीन ठोके मी दरवर्षी ऐकते. आज ते नकोत हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही.

"घार आली होती," काका म्हणाले. "एक काहीतरी उचललं तिने. हाताला कळतच नाही हो, आज काय आहे ते."

"बसले का परत?"

"बसतायत. ओरडणं कमी झालं. पण न ठोकता पट्टी बसत नाही, मॅडम. फटीतून पिचकारी उडतेय. असं झालं तर पाणी चढणारच नाही."

"काही वजन ठेवता येईल वर?"

"इथे दगड नाही, काही नाही. आणायला गेलो तर पुन्हा उठतील." फोनमध्ये थोडी खुडबूड झाली, मग त्यांनी दमल्यासारखा श्वास सोडला. "मीच बसलो वर. आता पाणी थांबलं."

"फळीवर बसलात?"

"हो. गार आहे बरं का."

ताईने सगळं ऐकलं होतं. "विचार त्यांना," ती म्हणाली, "दुपारपर्यंत अंडी द्यायचा बेत आहे का."

मी विचारलं नाही, पण काकांना ऐकू गेलं असावं, कारण ते म्हणाले, "ताईंना सांगा, बारसं तुमच्या दुकानात करू."

मग वाट पाहणं सुरू झालं. मला वाट पाहायची सवय असायला हवी. माझा धंदाच तो आहे. पण आडोशात बसून पक्ष्याची वाट पाहते तेव्हा माझ्या डोळ्यांना काम असतं. इथे डोळ्यांना काहीच नव्हतं. मी गॅरेजमध्ये गेले, टिबुकलीच्या खोक्यातलं तापमान बघितलं, परत आले. नकाशासमोर उभी राहिले. चहा केला आणि कुठे ठेवला ते विसरले. वरच्या तळ्याची पातळी विचारायला एकदा फोन केला. दहा मिनिटांनी पुन्हा केला, तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तेवढंच आहे," आणि त्याने 'तेवढंच'वर दिलेला जोर मला कळला.

पण ते तेवढंच राहत नव्हतं. नळ्या जितकं पाणी आत टाकत होत्या त्याच्या निम्मंही टँकर बाहेर नेत नव्हते. तळ्यातलंच पाणी उपसून नळ्यांना द्यावं म्हणून पहिल्या दिवशी प्रयत्न झाला होता. पंपाच्या जाळ्या गाळाने बुजून गेल्या. म्हणून पाणी बाहेरून येत होतं. आमचं तळं दोन बोटं चढलं की त्यांचं एक बोट चढलेलं. आम्ही पुढे जात होतो, पण मुंगीच्या पावलांनी.

दुसरी पट्टी काकांनी न ठोकता बसवली आणि तिच्यावर बसले. पक्षी गप्प होते. गप्प म्हणजे घरट्यावर आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. गप्प म्हणजे सोडून गेले, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो, आणि तो अर्थ मी दर थोड्या वेळाने बाजूला सारत होते.

दुपारी मी वळणावर गेले. काठाशी, बिळांच्या तोंडापाशी, पाण्यावर तवंग होता. निळा, जांभळा, कडेला सोनेरी. मग मी वाकून काठीचं टोक त्यातून ओढलं. तवंग काचेसारखा फुटला, तुकडे वेगवेगळे झाले आणि तसेच तरंगत राहिले. हा लोहाच्या जिवाणूंचा तवंग; दलदलीत नेहमीचाच. तेलाचा असता तर काठीमागे पुन्हा मिटला असता. मी तिथेच चिखलात बसले आणि बराच वेळ हसत होते. आवाज होऊ नये म्हणून बाहीत तोंड खुपसून.

तिसरी पट्टी बसली. उन्हाचा रंग बदलला. मी पुन्हा वळणावर गेले, आणखी एकदा गेले. शेवटच्या वेळी आणखी एका बिळापाशी तवंग दिसला, दोन तळहातांएवढा. मी काठी ओढली. रेघ उमटली आणि मिटली. पुन्हा ओढली. पुन्हा मिटली.

वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. डांबर.

तेल शोषणारा एक जाड पांढरा पट्टा मी त्या बिळाभोवती अर्धगोल टाकला. तो एका बिळाला पुरेसा होता. बांधात बिळं किती आहेत ते खेकड्यांना माहीत. बांधाच्या मागून वाकत, मग पळत मी ऑफिसात आले. वॉकीटॉकी टेबलावर होती. मी ती उचलली आणि बटण न दाबता तशीच उभी राहिले.

ताईने कात्री खाली ठेवली. "आलं?"

"आलं."

"मग तो दार उघडणार."

"हो. मीच कबूल केलंय."

"दुसरं काहीच नाही?"

होतं. सकाळपासून होतं, आणि सकाळपासून मी त्याच्याकडे बघत नव्हते. "नळ्या बंद केल्या तर वरचं पाणी चढायचं थांबेल. टँकर उपसत राहिले तर उतरेलसुद्धा. मग आमच्या पट्ट्या पुरतात."

"मग कर की."

"नळ्या बंद केल्या तर पाणकणसातलं तेल तिथेच राहील. खाली बसेल, मुळांत जाईल. वर्षानुवर्षं निघणार नाही. पहिल्या दिवशी मीच घसा फोडून सांगितलं होतं की आधी पाणकणीस धुवा."

ताईला माहीत होतं. वरचं तळं मी नोकरीला लागले तेव्हा उघडंबोडकं होतं. तिथलं पाणकणीस मी आणि काकांनी, गुडघाभर पाण्यात वाकून, एकेक मूळ दाबून लावलेलं. त्या वर्षी ताईने मला जाड कापडाच्या दोन पँट शिवून पाठवल्या होत्या, दोन्ही एकाच मोसमात फाटल्या. आता त्या पाणकणसात वटवटे घरटी करतात, पाणमांजर येतं. माझं शोधकाम सगळं तिथलं आहे.

"मला एक सांग," ताई म्हणाली. "आत्ता नळ्या मारतायत. त्याने ते निघतंय का?"

"थोडं निघतंय."

"थोडं म्हणजे?"

तिने टेप गळ्यातून काढून हातावर गुंडाळायला सुरुवात केली. दुकानात गिऱ्हाईक ठरवत नसलं की ती हेच करते.

"पाचातलं एक," मी म्हणाले. "फार तर."

"मग तुझं तुला कळलंय. मला कशाला उभं केलंयस?"

मी बटण दाबलं. हेल्मेटला सांगितलं: खालच्या बाजूला तेल दिसलं, एका बिळापाशी, पट्टा टाकलाय.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माणूस पाठवतो दाराकडे. वाद नको म्हणालो होतो."

"वाद नाही घालत. दुसरा रस्ता सांगते. नळ्या बंद करा. टँकर चालू ठेवा. वरचं उतरेल, आमचं चढेल. दार उघडायला लागणार नाही."

"आणि पाणकणीस?"

"सोडून द्यायचं."

"मॅडम, तुम्हीच..."

"हो, मीच. माहितीये."

"उद्या कुणी मला विचारलं, नळ्या का बंद केल्या, तर मी काय सांगू? माझी माणसं चार दिवस त्या घाणीत उभी आहेत. त्यांना मी सांगणार नाही. सगळ्यांचे सेट चालू आहेत. तुम्ही सांगा."

त्याचं बरोबर होतं. मी खिडकीकडे पाठ केली. "सगळ्यांना सांगते," मी म्हणाले, "मी इथली जीवशास्त्रज्ञ बोलतेय. नळ्या बंद करा. वरच्या तळ्यातलं पाणकणीस आपण सोडून देतोय. तुमच्या कामात काही कमी नव्हतं. खालच्या तळ्यासाठी सोडतोय. निर्णय माझा आहे."

मग एकेक करून पंप बंद पडत गेले. इतके दिवस त्यांची घरघर कानांत होती आणि ती आहे हे मी विसरले होते. ती थांबल्यावर गॅरेजमधल्या टिबुकलीच्या नखांचा खोक्यावरचा आवाज ऐकू आला.

वरून कुणाचा तरी आवाज आला सेटवर, नळीवाल्यांपैकी कुणी. "मग आम्ही काय करायचं आता?"

"जेवा," हेल्मेट म्हणाला.

त्यानंतरचा वेळ मी वळणावर काढला, पोटावर पालथी, हनुवटी चिखलाला लागलेली. आणखी दोन बिळांपाशी तेल आलं. दोन्हीकडे पट्टे टाकले. बिळाच्या तोंडाशी मी वाळकी काडी सोडायची आणि बघायची. काडी बांधापासून दूर जायची, म्हणजे पाणी अजून वरून खाली येतंय. पुन्हा एक सोडायची. पुन्हा दूर. चौथी पट्टी बसल्याचं काकांनी कळवलं. त्यांचा आवाज थंडीने जड झाला होता.

"पायांना मुंग्या आल्यात. पण उठत नाही. उठलो की सगळं वाहून जाईल."

"पक्षी?"

"मधूनमधून एखादा ओरडतो. आपसात भांडल्यासारखा. भीतीने नाही वाटत."

भांडत असतील तर चांगलं. शेकाटे शेजाऱ्याच्या घरट्यातल्या काड्या चोरतात.

सूर्य पाणकणसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा मी सोडलेली काडी जागच्या जागी राहिली. ती वळली, आडवी झाली, उभी झाली, आणि अगदी सावकाश, कुणी दोऱ्याने ओढावी तशी, बिळाकडे सरकली आणि आत गेली.

मी दुसरी सोडली. तीही गेली. तिसरी बिळाच्या तोंडात अडकली आणि थरथरत राहिली.

"उलटलं," मी सेटवर हळूच म्हणाले.

"नक्की?" हेल्मेट.

"काड्या आत जातायत."

"काकांना रेतीच्या गोण्या पाठवतो, मागच्या बाजूने. आता त्यांना उठू दे. आणि मॅडम, तुमच्या बांधकाम खात्याला आभार कळवा."

आता मला बघायचा हक्क होता असं मी ठरवलं. कोपरांवर सरकत आडोशाच्या कडेला गेले आणि दुर्बीण लावली.

घरटी उभी होती. सकाळी ती चिखलावरच्या बशा असतील, आता पाण्यातून वर आलेले वाळक्या काड्यांचे लहान लहान बुरूज होते, वेडेवाकडे, काही एका बाजूला कललेले. जवळचा एक पक्षी अंड्यांवर बसल्याबसल्या मान लांब करून पाण्यावरची काडी उचलत होता आणि बाजूने पोटाखाली सारत होता. त्याचं पोट ओलं होतं. पाणी स्वच्छ होतं. पाणी आता थांबलंय हे त्याला माहीत नव्हतं. तो बांधतच होता. त्याच्या पलीकडचाही, त्याच्याही पलीकडचा.

बाजूच्या कालव्याच्या तोंडाजवळची रांग गेली होती. तिथला चिखल सगळ्यात सखल. तिथे पाणी आधी चढलं आणि बांधून पुरं झालं नाही. किती ते मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

मान वळवली तर बांधापलीकडे वरचं तळं दिसत होतं. माणसं सूट उतरवून काठावर बसून जेवत होती. पाणकणीस ताठ उभं होतं, कमरेपर्यंत काळं. वारा आला तेव्हा त्याचे शेंडे हलले आणि खालचा भाग हलला नाही.

फोन थरथरला. ताई होती. "वाचली का गं?"

"बरीच."

"मग ये की आता. अख्ख्या दिवसात पाण्याचा घोटही घेतला नाहीस."

"येते."

पण गेले नाही. बुडलेल्या रांगेतल्या एका जागी एक शेकाट्या उभा होता. त्याची अंडी पाण्याच्या बोटभर खाली, जिथे होती तिथेच होती. उतरत्या उजेडात ती मला दिसत होती, म्हणजे त्यालाही दिसत असणार. त्याने चोचीत एक काडी आणली आणि त्यांच्या वर पाण्यावर ठेवली. ती तरंगत बाजूला गेली. तो दोन पावलं चालत गेला, तीच काडी उचलून आणली, पुन्हा तिथेच ठेवली.